‘फीडो’ आणि मॅक्रिनाचा संवाद शेजारी ठेवून कसा वाचावा : आरंभीच्या ख्रिस्ती विचारातला आत्मा आणि देह

सॉक्रेटिसने विषाचा प्याला घेतला तो इ.स.पू. 399 मध्ये. त्या शेवटच्या दिवशी तो अथेन्सच्या तुरुंगात मित्रांशी आत्म्याविषयी बोलत राहिला. ते बोलणं प्लेटोने ‘फीडो’ या संवादात मांडलं. त्यानंतर सुमारे पावणेआठशे वर्षांनी, इ.स. 379 च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या आयरिस नदीकाठी मॅक्रिना नावाची एक तपस्विनी मरणशय्येवर होती. तिचा भाऊ बॅझिल नुकताच वारला होता. ते दुःख घेऊन तिचा धाकटा भाऊ ग्रेगरी, निसाचा बिशप, तिला भेटायला आला, तर तीच मरणाच्या दारात. त्या भेटीवर त्याने ‘आत्मा आणि पुनरुत्थान’ हा संवाद लिहिला.

दुसरा संवाद पहिल्याचा साचा डोळ्यासमोर ठेवूनच बेतलेला आहे. म्हणून ख्रिस्ती विचाराने ग्रीक तत्त्वज्ञानाकडून काय घेतलं, काय नाकारलं आणि काय वाकवून वापरलं, हे पाहायला याहून चांगली जोडी नाही. फक्त ती एकामागून एक वाचून भागत नाही. दोन्ही शेजारी ठेवून, ठरावीक ठिकाणी थांबत वाचावी लागते. ते कसं, हे पुढे दिलं आहे.

हाताशी काय हवं

‘फीडो’चा असा अनुवाद घ्या, ज्याच्या समासात 57a, 64c असे आकडे छापलेले आहेत. 1578 मध्ये जिनिव्हात छापलेल्या प्लेटोच्या आवृत्तीचे हे पानांचे आकडे आहेत. प्रत्येक पानाचे a ते e असे भाग पाडलेले असतात. कोणतीही भाषा, कोणताही अनुवाद घेतला तरी हे आकडे बदलत नाहीत. ‘फीडो’ 57a ते 118a आहे. हे आकडे नसलेली प्रत स्वस्तात मिळाली तरी या कामाला घेऊ नका. दोन माणसांना एकच वाक्य सापडायला अर्धा तास जातो.

ग्रेगरीच्या संवादासाठी मिन्य या संपादकाच्या, ग्रीक धर्मपित्यांच्या (आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांच्या) ग्रंथमालेतल्या 46 व्या खंडाचे स्तंभक्रमांक वापरतात, 12 ते 160. इंटरनेटवर मोफत मिळणारा इंग्रजी अनुवाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. त्याची भाषा अवघड आहे आणि हे क्रमांक त्यात सहसा दिसत नाहीत. तोच वापरायचा असेल तर दाखल्यांवरून खुणा करून ठेवा : नाडी पाहणारा वैद्य, रथ, चामखीळ, चित्रकाराचे रंग, कुंभाराची भांडी, चिखल माखलेला दोर, गव्हाचं कणीस. हे दाखले याच क्रमाने येतात, त्यामुळे जागा हुडकता येते.

याशिवाय ॲरिस्टॉटलच्या ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण (412a ते 413a) छापून घ्या. दोन-तीनच पानं आहेत, पण ती नसली तर मॅक्रिनाची व्याख्या उलगडत नाही. आणि एक मराठी बायबल.

आधी शब्द वेगळे करा

मराठी वाचकाची सर्वांत मोठी अडचण इथे आहे, त्यामुळे पहिली बैठक पूर्णपणे यालाच द्या. आपल्याकडे ‘आत्मा’ हा एक शब्द सगळं ओझं वाहतो. ग्रीकमध्ये ते ओझं निदान तीन शब्दांवर आहे : प्सुखे, प्न्यूमा आणि नूस.

थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र उघडा, अध्याय 5, ओवी 23. मराठी बायबलमध्ये तिथे ‘आत्मा, जीव व शरीर’ असा क्रम आहे. इथला ‘आत्मा’ म्हणजे प्न्यूमा आणि ‘जीव’ म्हणजे प्सुखे. प्लेटो ज्याच्या अमरत्वाबद्दल बोलतो ती प्सुखे. म्हणजे प्लेटोच्या मराठी अनुवादात जो ‘आत्मा’, तो बायबलच्या मराठी अनुवादात ‘जीव’. ही गाठ न सोडवता वाचलं की पुढचं सगळं एकमेकांत मिसळतं. उपाय साधा आहे : टिपणांत ‘आत्मा’ हा शब्द लिहूच नका. प्सुखे, प्न्यूमा, नूस (बुद्धी), सोमा (शरीर), सार्क्स (देह, देहस्वभाव) हे पाच शब्द तसेच देवनागरीत लिहा. वाचन संपल्यावर हवं तर मराठी करा.

मग दोन चाचण्या घ्या. गलतीकरांस पत्र 5:19–21 मध्ये त्या पत्राचा लेखक, प्रेषित पौल, सार्क्सच्या कर्मांची यादी देतो. तीत कोणत्या गोष्टींना शरीर लागतच नाही, ते मोजा. मूर्तिपूजा, वैर, मत्सर, तट पाडणं : निम्म्याहून जास्त दोष मनाचे आहेत. म्हणजे सार्क्स हा शरीराचा समानार्थी शब्द नव्हे. दुसरी चाचणी 1 करिंथकरांस 15:44 ची. तिथे दोन शरीरं समोरासमोर येतात, एक प्सुखेचं आणि एक प्न्यूमाचं. दोन्ही शरीरंच. आणि प्लेटोकडे जी प्सुखे वरच्या पायरीवर असते, तिचं नाव घेतलेलं शरीर इथे खालच्या पायरीवर आहे. ‘ग्रीकांसारखंच बायबलही देहाला तुच्छ मानतं’ हा समज या दोन ओव्यांपाशीच गळून पडतो.

उत्पत्ती 2:7 ही एकदा पाहून घ्या. तिथे मातीच्या माणसात श्वास फुंकला जातो आणि तो माणूस ‘नेफेश’ होतो. त्याला नेफेश मिळत नाही, तो स्वतःच नेफेश, म्हणजे जिवंत प्राणी होतो. ग्रीक अनुवादकांनी या हिब्रू शब्दाला प्सुखे हाच शब्द वापरला. प्लेटोच्या प्सुखेशी त्याची सरमिसळ सुरू झाली ती याच शब्दामुळे.

‘फीडो’ : पाच बैठका

57a–69e, 70a–84b, 84c–95a, 95b–107b, 107c–118a अशी वाटणी करा. प्रत्येक बैठकीला दीड ते दोन तास लागतात. तिसरी बैठक घाईने उरकू नका, कारण मॅक्रिनाच्या संवादातले बरेच प्रश्न तिथून निघतात.

पहिल्या बैठकीत 64c वर खूण करा : मरण म्हणजे प्सुखेचं शरीरापासून सुटणं. ही व्याख्या ख्रिस्ती लेखकांनी जवळजवळ जशीच्या तशी घेतली. वाद पुढे होतो, तो या सुटण्याला सुटका म्हणायचं की ताटातूट, यावर. 70a मध्ये सॉक्रेटिसशी बोलणाऱ्या मित्रांपैकी केबीस मनातली भीती बोलून दाखवतो : शरीरातून निघालेली प्सुखे श्वासासारखी किंवा धुरासारखी विरून गेली तर? ग्रेगरीचा संवादही याच भीतीने सुरू होतो, म्हणून या ओळीला मोठी खूण करा.

84c नंतर दोन आक्षेप येतात. दुसरा मित्र सिमियास म्हणतो, प्सुखे ही वीणेच्या सुरावटीसारखी असेल : वीणा मोडली की सूर संपला. केबीसचा आक्षेप विणकराचा आहे (87b). म्हातारा विणकर आयुष्यात कितीतरी अंगरखे विणतो, वापरतो, जुने करतो, पण शेवटचा अंगरखा त्याच्यामागे उरतोच.

इथे थोडं थांबावं लागतं, कारण वाचकाच्या मनात लगेच ‘वासांसि जीर्णानि’ येतं. गीतेत (2.22) जुनं वस्त्र टाकून नवं घेणारा देही टिकतो, म्हणूनच तो दाखला दिलासा देतो. केबीसच्या तोंडी तोच दाखला शंका बनून येतो : इतकी वस्त्रं पालटणारा एक दिवस थकेल आणि शेवटच्या वस्त्राआधी स्वतःच संपेल. ग्रेगरीकडे तिसरं वस्त्र भेटेल, ते या दोन्हींहून वेगळं आहे. तीन वस्त्रांची तीन टिपणं वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

80d वर आणखी एक खूण करा. सॉक्रेटिस तिथे ‘हेडीस’ (मृतांचा लोक) आणि ‘आएडीस’ (अदृश्य) या शब्दांवर श्लेष करतो. 81e–82b मध्ये पुनर्जन्म आहे : खादाड गाढवं होतात, अन्यायी लांडगे, आणि सवयीने सदाचारी असलेले मधमाश्या नाहीतर मुंग्या. 115c चं वाक्य शेवटी लागणार आहे, ते कोपरा दुमडून ठेवा.

एक चूक फार होते. ‘शरीर हे प्सुखेचं थडगं’ हे वाक्य लोक ‘फीडो’च्या नावावर खपवतात. ‘सोमा–सेमा’ (शरीर–थडगं) ही जोडी प्लेटोच्याच ‘गॉर्गियास’ (493a) आणि ‘क्रॅटिलस’ (400c) मध्ये आहे. ‘फीडो’त भाषा कैदेची आहे (62b, 82e). थडग्यात आणि कैदेत फरक आहे : कैद कोणीतरी घातलेली असते आणि तिला मुदत असते.

व्याख्या फोडून पाहा

मॅक्रिना प्सुखेची व्याख्या स्तंभ 29B ला देते. तिचा आशय असा : प्सुखे हे उत्पन्न झालेलं, जिवंत, बुद्धियुक्त सत्त्व (स्वतःच्या बळावर असणारी वस्तू) आहे. ते इंद्रियं-अवयव असलेल्या शरीराला स्वतःतून जीवन आणि संवेदनेची शक्ती देतं, जोवर ती स्वीकारणारी प्रकृती टिकून आहे तोवर. या एका वाक्याचे तुकडे करा आणि प्रत्येकाचं माहेर शोधा.

‘उत्पन्न झालेलं’ हा तुकडा प्लेटोविरुद्ध आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात (245d) प्सुखेला आरंभच नाही. तो ओरिजेनविरुद्धही आहे. अलेक्झांड्रियाचा हा थोर ख्रिस्ती विचारवंत (सुमारे 185 ते 253) आत्मे देहाआधीपासून आहेत असं मानत असे. ‘बुद्धियुक्त’ प्लेटोकडचं. ‘अवयव असलेल्या शरीराला’ हे शब्द थेट ॲरिस्टॉटलचे : 412b ला प्सुखे म्हणजे अवयवयुक्त नैसर्गिक शरीराची पहिली पूर्णता, असं तो म्हणतो. मात्र ॲरिस्टॉटलकडे ती शरीराचं रूप आहे, मेण आणि मेणावरचा ठसा वेगळे काढता येत नाहीत तशी. मॅक्रिना तिला ‘सत्त्व’ म्हणते आणि मग ॲरिस्टॉटलची शब्दकळा त्याभोवती गुंडाळते. हा सांधा एकदा दिसला की बाकीचा संवाद सोपा होतो. बहुतेक वाचक व्याख्येवरून भरभर पुढे जातात आणि मग मॅक्रिना ‘प्लेटोवादी’ की ‘ॲरिस्टॉटलवादी’ यावर निरर्थक घोळ घालतात.

मॅक्रिनाचा संवाद : कुठे थांबायचं

ग्रेगरी इथे मुद्दाम विरोधकाची बाजू घेतो. सिमियास आणि केबीस यांचं काम तो एकटा करतो. त्याच्या तोंडची वाक्यं त्याचं मत समजू नका. हा घोटाळा अवतरणं काढताना नेहमी होतो. संवादात मॅक्रिनाला ‘गुरू’ म्हटलं आहे. ‘फीडो’च्या आरंभी (60a) सॉक्रेटिसच्या रडणाऱ्या बायकोला, झँथिपीला, घरी पाठवलं जातं आणि पुरुषांचं बोलणं सुरू होतं. इथे रडणारा पुरुष आहे आणि शिकवणारी स्त्री. ही उलटापालट ग्रेगरीने जाणून केली आहे, असं आमचं ठाम मत आहे.

पहिला थांबा वैद्याचा. नाडीवर बोटं ठेवून वैद्य आतला विकार ओळखतो. बोटाला फक्त ठोके कळतात, विकार कळतो बुद्धीला. त्यावर ग्रेगरी यंत्रांचा आक्षेप घेतो : कारागीर निर्जीव वस्तूंतून सूर आणि हालचाल निर्माण करतात, मग प्सुखेची गरजच काय? सिमियासच्या वीणेचा हा नवा अवतार आहे. मॅक्रिना तोच दाखला उलटवते : यंत्र बनवण्यासाठी न दिसणारी योजना कोणाच्या तरी बुद्धीत आधी असावी लागली. दोन्ही उत्तरं शेजारी लिहा (‘फीडो’ 91c–95a). सॉक्रेटिसचं उत्तर जास्त काटेकोर आहे, मॅक्रिनाचं जास्त सहज पटणारं.

दुसरा थांबा रथाचा, स्तंभ 49 च्या आसपास. मॅक्रिना म्हणते, प्लेटोचा रथ आणि घोड्यांची जोडी बाजूला ठेवू, शास्त्रवचन हीच कसोटी धरू. ‘फीड्रस’चा हा रथ (246a) वाचताना कठोपनिषदातला (1.3.3) रथ डोक्यातून काढून टाका. कठात शरीर हा रथ आहे आणि आत्मा रथी. प्लेटोकडे शरीर रथात नाहीच : सारथी आणि दोन घोडे मिळून प्सुखे होते, आणि ते घोडे म्हणजे क्रोधशक्ती आणि वासना. मॅक्रिनाचा प्रश्न नेमका घोड्यांबद्दल आहे : ती प्सुखेचीच अंगं आहेत का? तिचं उत्तर चामखिळीचं. चामखीळ अंगावर असते, अंगाचीच वाटते, पण अंग नव्हे. पुरावा म्हणून ती बायबलमधल्या मोशेला पुढे करते : तो क्रोध-वासनांच्या पलीकडे गेला आणि तरी माणूसच राहिला.

मग ग्रेगरी अडवतो : बायबलमध्येच दानिएलची वासना आणि फिनहासचा क्रोध तर वाखाणला गेला! इथे मॅक्रिना माघार घेऊन मत सुधारते. हा संवादातला सर्वांत प्रामाणिक क्षण आहे, तो सारांशात गाळू नका. सुधारलेलं मत असं : या शक्ती स्वतःहून चांगल्या नाहीत आणि वाईटही नाहीत, त्या कशाला जुंपल्या यावर सगळं ठरतं. गव्हातल्या निदणाचा (तणाचा) दृष्टांत ती इथेच वापरते. निदण उपटू नका, कारण वासना मुळासकट उपटली तर ईश्वराची ओढ कोणत्या बळावर लागणार?

तिसरा थांबा मरणानंतरचा. हेडीस ही जागा नाही, अदृश्य अवस्था आहे, असं ती सांगते. 80d चा श्लेष इथे परत येतो, फक्त नद्या आणि विवरांचा भूगोल (‘फीडो’ 111c पासून) गळून पडतो. श्रीमंत माणूस आणि भिकारी लाजार यांची गोष्ट (लूक 16:19–31) याच भागात येते : मेलेला श्रीमंत यातनेत असतो आणि लाजाराने बोट पाण्यात बुडवून आपली जीभ थंड करावी असं विनवतो. हिच्यासोबत कार्थेजच्या टर्टुलियनचं सुमारे 210 मधलं लिखाण जरूर पाहा. गोष्टीतली जीभ आणि बोट धरून तो म्हणतो की प्सुखे हीही एक प्रकारचं शरीरच आहे. हा स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञपंथाचा विचार. मॅक्रिना तीच जीभ आणि तेच बोट रूपक मानते. गोष्ट एक, दोघं ख्रिस्ती, दोन तत्त्वज्ञानं. ‘ख्रिस्ती मत म्हणजे प्लेटो अधिक बायबल’ असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण पुरतं.

विखुरलेल्या कणांचा विचारही ती याच भागात करते. देह विरला तरी प्सुखे आपल्या कणांना सोडत नाही. चित्रकार रंग मिसळल्यावरही मूळ रंग ओळखतो. फुटलेल्या भांड्यांच्या ढिगातून मालक आपली खापरं ओळखून काढतो. प्सुखेला लांबी-रुंदी नसल्यामुळे दूरदूर पडलेल्या कणांपाशी एकाच वेळी असणं तिला जड नाही. ग्रेगरीच्या ‘मानवाची घडण’ या ग्रंथाचं 27 वं प्रकरण यासोबत वाचा. तिथे पाऱ्याचा दाखला आहे : धुळीत सांडलेला पारा गोळ्या होऊन पसरतो आणि गोळा केला की पुन्हा एक होतो. प्लेटोकडे प्सुखेला शरीराची काही आठवण राहणं हा दोष होता. अशी जड झालेली प्सुखे थडग्यांभोवती घोटाळते (81c–d). ग्रेगरीकडे तीच आठवण पुनरुत्थानाचा आधार बनते. दोन संवादांतला सर्वांत खोल फरक आम्हाला इथे दिसतो.

मरणानंतरच्या प्सुखेच्या शुद्धीच्या भागात सोनं आणि दोर येतात. चिखल वाळून घट्ट बसलेला दोर अरुंद भोकातून ओढला की चिखल सुटतो, पण दोरालाही ताण बसतोच. ताण ही शिक्षा म्हणून दिलेली नाही. हे वाक्य समजूनच पुढे जा.

पुनर्जन्माचं खंडन वाचताना आपल्या बाजूने घाईने उत्तर देऊ नका. आधी तिचा युक्तिवाद नीट लिहून घ्या. तिचा मुख्य मुद्दा असा : प्सुखे पापामुळे वरून घसरून देहात आली म्हणायचं, तर माणसाच्या जन्माचं कारणच पाप ठरतं. म्हणून आत्मा आधी नाही आणि देहही आधी नाही, दोघांचा आरंभ एकत्र. हा मुद्दा कर्मसिद्धांताला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिच्यासमोर पायथॅगोरसपंथी, प्लेटो आणि ओरिजेन आहेत. भारतीय दर्शनं नाहीत.

पुनरुत्थान : आक्षेप मोजून ठेवा

शेवटच्या बैठकीत ग्रेगरी आक्षेपांची सरबत्ती करतो. त्यांना क्रमांक द्या. देह प्रवाहासारखा किंवा ज्योतीसारखा सतत बदलतो, मग उठेल तो कोणता : बालपणीचा, तारुण्यातला की म्हातारपणीचा? आजाऱ्याचं काय, लुळ्याचं काय, जन्मतःच मेलेल्या अर्भकाचं काय? खाणं-पिणं नसेल तर पोट कशाला? मग प्रत्येक क्रमांकापुढे मॅक्रिनाचं उत्तर लिहायचा प्रयत्न करा. काही रकाने रिकामे राहतील. ‘कोणत्या वयाचा देह’ याला ती सरळ उत्तर देत नाही, ती प्रश्नाची जमीनच बदलते. पुनरुत्थान म्हणजे आपल्या प्रकृतीची मूळ स्थितीत पुनःस्थापना (148A), आणि वय, रोग, व्यंग हे मूळ प्रकृतीत नव्हतेच. आक्षेप उत्तरांपेक्षा जोरदार आहेत, हे मोकळेपणाने लिहा. ग्रेगरीने ते लपवलेले नाहीत.

तिसरं वस्त्र इथे आहे. उत्पत्ती 3:21 मध्ये देव आदाम-हव्वेला चामड्याची वस्त्रं घालतो. त्या वस्त्रांचा अर्थ देह असा घेतला की ग्रेगरी प्लेटो होऊन बसतो. त्याची यादी वाचा : समागम, गर्भधारणा, प्रसूती, मळ, स्तनपान, अन्न, वाढ, म्हातारपण, रोग, मरण. हे वस्त्र उतरलं तरी देह राहतो, फक्त पशूपासून घेतलेलं जाड कातडं जातं. त्याच्याच पुढे पौलाचं गव्हाचं कणीस : पेरलेला दाणा आणि डोलणारं कणीस तेच आहे आणि तेच नाहीही.

यापुढे कोणाला जायचं असेल तर लॅटिन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनच्या ‘देवाचं नगर’ या ग्रंथाचा 14 वा भाग, तिसरं प्रकरण एवढं पुरे. नाशवंत देहाने प्सुखेला पापी केलं नाही, पापी प्सुखेने देहाला नाशवंत केलं, असं तो तिथे म्हणतो. ग्रेगरीहून त्याचा सूर कठोर आहे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात देह नाही यावर दोघांचं एकमत आहे.

सर्वांत शेवटी दुमडलेला कोपरा उघडा. सॉक्रेटिसचा मित्र क्रिटो विचारतो, तुला पुरायचं कसं? सॉक्रेटिस हसून म्हणतो, हवं तसं, मी तुमच्या हाती सापडलो तर (115c). मग ग्रेगरीने लिहिलेलं मॅक्रिनाचं चरित्र घ्या आणि तिच्या मृत्यूनंतरची पानं काढा. प्रेत सजवताना वेस्टियाना नावाची स्त्री दिवा जवळ धरून ग्रेगरीला मॅक्रिनाच्या छातीवरचा एक बारीक व्रण दाखवते. सुईने पडावा तेवढाच, पूर्वी बऱ्या झालेल्या गाठीचा. पुढे आईवडिलांची कबर उघडायची वेळ येते, तेव्हा ग्रेगरी आत पाहण्याआधी त्यांचे देह स्वच्छ पांढऱ्या कापडाने झाकून घेतो. ही पानं 115c च्या शेजारी ठेवा, आणि कुंभाराच्या खापरांचा उतारा पुन्हा एकदा वाचा.